नोवाक २४ वर, तरी जाहिरातींचा राजा फेडररच, असं का?

बेसलाइन (धागाकर्ता):

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच. नोवाक जोकोविचच्या नावावर २४ ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) आहेत, ४२८ आठवडे तो नंबर वन होता, राहिलेलं ऑलिंपिक गोल्ड २०२४ मध्ये पॅरिसला अल्काराझला हरवून घेतलं. नदाल २२ वर थांबला, फेडरर २० वर. आकड्यांचा वाद माझ्या मते मिटलाय. पण पैशाचं बघा. २०२० च्या फोर्ब्सच्या यादीत अख्ख्या जगात सगळ्यात जास्त कमावणारा खेळाडू फेडरर होता, फुटबॉलवाले बास्केटबॉलवाले सगळे त्याच्या खाली, कमाई १०.६३ कोटी डॉलर आणि त्यातले १० कोटी निव्वळ जाहिराती आणि करारांचे. वय तेव्हा ३८. त्याच्या दोन वर्षं आधी युनिक्लोने त्याच्याशी १० वर्षांचा करार केला, बातम्यांमध्ये ३० कोटी डॉलरचा आकडा होता. छत्तीस वर्षांच्या टेनिसपटूशी १० वर्षं! यातली निम्मी वर्षं तरी हा खेळेल की नाही हे कंपनीला कळत नव्हतं असं नाही, तरी केला. आणि हीच युनिक्लो आधी पाच वर्षं, २०१२ ते २०१७, नोवाकच्या अंगावर होती.

माझं म्हणणं असं की बाजार ट्रॉफ्या मोजत बसत नाही, लोकांच्या मनात जी गोष्ट चालू असते त्यात या खेळाडूला कुठली जागा मिळालीये ते तो बघतो. २००५ च्या फ्रेंच ओपनपासून २००७ च्या यूएस ओपनपर्यंत सलग ११ ग्रँड स्लॅम फेडरर आणि नदाल या दोघांनीच वाटून घेतली. एक ब्लेझर घालून विम्बल्डनच्या कोर्टवर येणारा, दुसरा बिनबाह्यांचा शर्ट आणि गुडघ्याखाली लोंबणारी पँट घालून प्रत्येक पॉइंट जीव तोडून खेळणारा. लोकांनी आपापला माणूस निवडून टाकला होता. नोवाकचं पहिलं ग्रँड स्लॅम आलं २००८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात, म्हणजे पिक्चर इंटरव्हलला आल्यावर हा थिएटरमध्ये शिरला, तोपर्यंत हिरो कोण हे ठरून गेलेलं.

एक प्रसंग आठवा. सप्टेंबर २०२२, लंडनला लेव्हर कप (युरोपची टीम विरुद्ध बाकी जगाची टीम), फेडररची शेवटची मॅच, नदालबरोबर डबल्स. मॅच संपल्यावर दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून ढसाढसा रडले आणि तो फोटो जगभर गेला. नोवाक त्याच टीममध्ये होता, तिथेच होता. आठवतो कुणाला? पुढे २०२४ मध्ये लुई व्हितॉंने डोंगरात बर्फावर जाहिरात केली तीसुद्धा फेडरर आणि नदालला घेऊन, आणि त्यातला एक तर रिटायर झालेला. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुम्हाला काय वाटतं लिहा.


टायब्रेक४०:

साफ असहमत. गोष्ट वगैरे नंतर येते हो, आधी येतो पासपोर्ट. फेडरर स्वित्झर्लंडचा. घड्याळ, बँक, चॉकलेट, या तिन्ही बाबतीत स्वित्झर्लंडचं नाव जगात आधीच चालतं, आणि त्याच्याकडे करार कुणाचे होते बघा, रोलेक्स, क्रेडिट स्वीस, लिंट. म्हणजे देशाची इमेज आणि माणसाची इमेज एकाला एक चिकटून आली. जर्मन, फ्रेंच, इंग्लिश तिन्ही सफाईने बोलतो, एका प्रेस कॉन्फरन्समध्ये तीन मार्केट कव्हर. सर्बियाची लोकसंख्या ७० लाखसुद्धा नाही, जगभर विकणारी मोठी कंपनी तिथे नाही, त्यामुळे घरची कंपनी मागे उभी राहायचा प्रश्नच येत नाही.

उलटं उदाहरण देतो. केई निशिकोरी. एकही ग्रँड स्लॅम नाही, एकच फायनल, २०१४ यूएस ओपन, तीही चिलिचकडून हरला. तरी फोर्ब्सच्या यादीत वर्षानुवर्षं टेनिसमधल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांमध्ये, कारण मागे जपानच्या कंपन्या, युनिक्लो, निस्सिन, जपान एअरलाइन्स. यात कुठली गोष्ट आली सांगा बरं.

आणि ली ना. २०११ ला फ्रेंच ओपन जिंकली, आशियातली पहिली सिंगल्स चॅम्पियन, ती फायनल चीनमध्ये ११.६ कोटी लोकांनी बघितली असे आकडे तेव्हा आले होते. नाइकी तेव्हा आपल्या खेळाडूंच्या शर्टावर सहसा दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव लावू देत नव्हती, फेडररला नाही, नदालला नाही, शारापोवाला नाही. ली नाला दिलं. तिच्या बाहीवर दुसऱ्या स्पॉन्सरचे पॅच असायचे, जुने फोटो काढून बघा. आता नाइकीने हा नियम तिच्यासाठी कशाला वाकवला? चीनच्या मार्केटसाठी.


बेसलाइन:

@टायब्रेक४०, देशाचा मुद्दा आहेच, नाही म्हणतच नाही, पण तो दार उघडण्यापुरता. देशच सगळं ठरवत असता तर सॅम्प्रस टेनिसमधला सगळ्यात मोठा ब्रँड व्हायला हवा होता. अमेरिकन, १४ ग्रँड स्लॅम, १९९३ ते १९९८ सलग सहा वर्षं वर्षअखेर नंबर वन. आगासीला ग्रँड स्लॅमच्या पाचपैकी चार फायनलमध्ये त्याने हरवलं. पण लोकांच्या तोंडी कोण? आगासी, ८ ग्रँड स्लॅमवाला! त्याने पहिलं ग्रँड स्लॅम १९९२ ला जिंकलं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून लांब केस, जीन्सची हाफ पँट, कॅननची जाहिरात, सगळं चालू होतं. पांढरे कपडे घालावे लागतात म्हणून तीन वर्षं विम्बल्डनला गेला नाही आणि त्यानेही नावच झालं. नाइकीने १९९५ ला जाहिरात काढली, दोघं टॅक्सीतून उतरतात, भर रस्त्यात नेट बांधतात आणि गाड्या थांबवून खेळायला लागतात. आठवत नसेल तर शोधून बघाच, अजून जिवंत वाटते. सॅम्प्रसला एवढं धमाल दिसायला समोर आगासी लागला. मी म्हणतो ती जागा म्हणजे हीच.


नेटकॉर्ड:

दोघेही मूळ खेळ सोडून बोलताय असं मला वाटतं. लोक टेनिस बघतात ते डोळ्यांनी. फेडररचा एका हाताचा बॅकहँड, पाय वाजत नाहीत, घाम दिसत नाही, तो बॉलपर्यंत पोचलेलाच असतो. हे ज्याला टेनिसमधलं शून्य कळतं त्यालासुद्धा दिसतं. नोवाकची खरी ताकद आहे रिटर्न आणि डिफेन्स, म्हणजे समोरच्याने मारलेला सुंदर शॉट परत आणणं. तो समोरच्याचा आनंद काढून घेतो. मला स्वतःला त्याचं ते घसरत जाऊन पाय फाकवून बॅकहँड परत टाकणं जगातली भारी गोष्ट वाटते पण त्यासाठी चार वर्षं खेळ बघायला लागतो, तीस सेकंदांच्या जाहिरातीत ते दाखवता येत नाही. २०१९ विम्बल्डन फायनल घ्या, पाचवा सेट, ८-७, ४०-१५, फेडररची सर्व्ह, दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यातला एक जिंकला की विजेता. नोवाकने दोन्ही वाचवले आणि १३-१२ ने मॅच काढली. त्या मॅचमध्ये एकूण पॉइंट फेडररचे जास्त होते, एसेस जास्त, विनर्स जास्त. बघणाऱ्याला वाटतं चांगला खेळला तो हरला. महत्त्वाचे पॉइंट जिंकणं हे कौशल्य डोळ्याला दिसत नाही, स्कोरबोर्डला दिसतं.


क्रॉसकोर्ट_मीना:

@नेटकॉर्ड, मग जस्टिन हेनिनचं काय? ७ ग्रँड स्लॅम, उंची जेमतेम, आणि बायकांच्या टेनिसमधला एका हाताचा सगळ्यात देखणा बॅकहँड. किती जाहिराती आठवतात तिच्या? सुंदर खेळ विकला जातो हे पुरुषांपुरतं खरं असेल.

आणि खरं सांगू का, इथे सगळे फेडरर जोकोविच करताय पण हा प्रश्न जिथे सगळ्यात नागडा दिसतो ते बायकांचं टेनिस आहे. ॲना कुर्निकोवा, सिंगल्समध्ये डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिला टेनिस संघटनेचं, एकही टायटल नाही. डबल्समध्ये ती खरंच मोठी खेळाडू होती, नंबर वन होती, हिंगिसबरोबर दोन ऑस्ट्रेलियन ओपन, पण डबल्ससाठी तिला कुणी करार दिले नव्हते. मग शारापोवा. सेरेनाविरुद्ध हिशोब २ विरुद्ध २०. शारापोवाने जिंकलेल्या त्या दोन्ही मॅच २००४ मधल्या, त्यानंतर एकदाही हरवू शकली नाही. सेरेनाची ग्रँड स्लॅम २३, हिची ५. आणि २००५ ते २०१५ सलग ११ वर्षं फोर्ब्सच्या यादीत सगळ्यात जास्त कमावणारी महिला खेळाडू कोण तर शारापोवा! ११ वर्षं! त्यात सेरेना आपल्या सगळ्यात जोरदार फॉर्मात होती ती वर्षंसुद्धा आली. याला गोष्टीतली जागा म्हणायचं असेल तर ती जागा कुणी वाटली, कुठल्या रंगाला आणि कुठल्या अंगकाठीला वाटली हेही बोला. उंच, सोनेरी केसांची, गोरी मुलगी घड्याळाच्या आणि गाडीच्या जाहिरातीत बसते आणि जगातली सर्वोत्तम खेळाडू बसत नाही हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. लोकप्रियता आभाळातून पडत नाही.


सेकंडसर्व्ह:

मी जाहिरात क्षेत्रात काम करतो, टेनिसवाल्यांशी थेट संबंध नाही, पण टेबलावर काय होतं ते थोडं सांगू शकतो. टेनिसमध्ये टीमची जर्सी नाही, क्लब नाही, खेळाडू म्हणजे एकट्याची कंपनी. वर्षाचे जवळजवळ ११ महिने, सगळे खंड फिरून झाले, आणि बघणारा वर्ग पैसेवाला. त्यामुळे इथे येतात घड्याळं, बँका, महागड्या गाड्या, विमान कंपन्या. फायनल संपल्यावर काय होतं नीट बघा, खेळाडू खुर्चीत बसतो, घाम पुसतो, बॅगेतून घड्याळ काढून मनगटावर चढवतो आणि मग ट्रॉफी घ्यायला जातो, कारण तो फोटो वर्षानुवर्षं छापला जाणार. करार करताना विचारतात की हा माणूस दहा वर्षांनी त्या फोटोत अवघड तर वाटणार नाही ना. म्हणजे सगळ्यात आधी बघतात धोका. फेडरर या बाबतीत कुणाच्याही स्वप्नातला माणूस, वीस वर्षांत कुठे वाद नाही, राजकारणावर बोलत नाही, लग्न, चार मुलं, हसतमुख. २०१३ ला एजंटबरोबर स्वतःची कंपनी काढली, टीम एट, लेव्हर कप त्यांनीच उभा केला, २०१९ मध्ये ऑन या बुटांच्या कंपनीत पैसे घातले आणि २०२१ ला ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. हे नशीब नाही, ही मेहनत आहे आणि तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

नोवाककडे दुर्दैवाने धोका दिसतो. २०२० यूएस ओपन, रागात मागे मारलेला बॉल लाइन जजच्या गळ्यावर लागला, बाहेर काढला. २०२२, लस घेतली नाही, मेलबर्नमधून परत पाठवला. दोन्हीचे व्हिडिओ जगभर. पटो न पटो, कंपनी घाबरते.

@क्रॉसकोर्ट_मीना, रंगाचं म्हणणं पूर्ण मान्य, पण शारापोवाच्या बाबतीत तिचं डोकंसुद्धा मोजा. २००४ ला १७ व्या वर्षी विम्बल्डन जिंकल्या जिंकल्या कोर्टवरच मोबाईल हातात घेऊन आईला फोन लावत होती, फोन काही लागेना, अख्खं जग टीव्हीवर बघतंय. पुढे मोटोरोलाचा करार झाला. २०१२ ला स्वतःच्या नावाने शुगरपोवा गोळ्या काढल्या. शूटिंगला वेळेवर येणारी, काम समजून करणारी अशी तिची ख्याती होती. २०१६ ला डोपिंगमध्ये सापडली, १५ महिने बंदी, टॅग ह्यूअरने करार वाढवला नाही पण नाइकी आधी थांबून मग परत आली. एवढ्या मोठ्या प्रकरणातून करार वाचतो तो नुसत्या केसांच्या रंगावर नाही वाचत.


क्रॉसकोर्ट_मीना:

काम समजून सेरेनाही करत होती हो. १७ व्या वर्षी यूएस ओपन तिनेही जिंकलं होतं, १९९९ ला. व्हीनस आणि ती, दोन बहिणी, वडिलांनी सार्वजनिक कोर्टवर शिकवलेल्या, यापेक्षा मोठी गोष्ट टेनिसमध्ये झालेलीच नाही. धोका म्हणजे काय हेही कुणीतरी ठरवतंच ना. नवरातिलोवा, सिंगल्सची १८ ग्रँड स्लॅम, ९ वेळा विम्बल्डन. ख्रिस एव्हर्ट, तीही १८. आमनेसामने नवरातिलोवा ४३-३७ ने पुढे. १९८१ ला नवरातिलोवाच्या समलिंगी असण्याची गोष्ट उघड झाली आणि मोठ्या कंपन्या लांबच राहिल्या. एव्हर्ट घराघरात पोचली. अमेरिकेत नवरातिलोवाला मोठी देशव्यापी जाहिरात मिळाली ती सुबारूची, २०००च्या सुमारास, म्हणजे सिंगल्सची कारकीर्द संपून गेल्यावर! तिने काय गुन्हा केला होता? धोका धोका म्हणून ज्याला दार बंद करतात त्याचं नुकसान कोण भरून देणार.


टायब्रेक४०:

मीनाताईंना +१. आणि @सेकंडसर्व्ह, धोक्याचा नियम सगळ्यांना सारखा लावत नाहीत ना. मॅकेन्रो अंपायरवर किंचाळायचा, रॅकेटी आपटायचा, १९९० ला ऑस्ट्रेलियन ओपनमधून मॅच चालू असताना काढून टाकला, आणि नाइकीने त्याचा तोच राग विकला. त्याला अमेरिकन बंडखोर म्हणून कौतुक, आणि त्याच काळातला इव्हान लेंडल, शिस्तीचा पक्का, ८ ग्रँड स्लॅम, २७० आठवडे नंबर वन, सलग ८ वर्षं यूएस ओपनच्या फायनलमध्ये, त्याच्याबद्दल १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या क्रीडा मासिकाने मुखपृष्ठावर लिहिलं की हा असा चॅम्पियन ज्याचं कुणाला काही पडलेलं नाही. तेही त्याने तिथलीच स्पर्धा जिंकल्यावर. लेंडल कुठला? चेकोस्लोव्हाकियाचा. पडद्यापलीकडचा, म्हणजे कम्युनिस्ट गटातला.

@बेसलाइन, तुम्ही गोष्ट गोष्ट म्हणताय तर नोवाकच्या गोष्टीचंच घ्या. १९९९ ला नाटोची विमानं बेलग्रेडवर बॉम्ब टाकत होती, ७८ दिवस, हा पोरगा रात्री तळघरात आणि दिवसा टेनिस. आदल्या दिवशी जिथे बॉम्ब पडला त्या भागातल्या कोर्टवर प्रॅक्टिस करायचे कारण तिथे लगेच परत पडणार नाही असा हिशोब. कोरड्या स्विमिंग पूलमध्ये खेळायचे. यापुढे ब्लेझरची गोष्ट काय आहे? पण ही गोष्ट न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये कशी विकणार, बॉम्ब टाकणारी विमानं त्यांचीच होती. गोष्ट कमी पडली नाही, गोष्ट विकत घेणारे तिकडे बसलेत म्हणून ती बाजारात आली नाही. मला या विषयावर राग येतो, खरंच येतो, कारण पोरगा सुरुवातीला किती मनमोकळा होता. २००७ यूएस ओपनला शारापोवा आणि नदालच्या नकला करून अख्खं स्टेडियम हसवलं. वर्षभराने तिथेच रॉडिकला हरवल्यावर मॅचनंतर दोन वाक्यं बोलला तर हूटिंग. २०१५ ची फायनल आठवते का, फेडररविरुद्ध, पावसाने तीन तास उशीर, लोक तोपर्यंत तापलेले, याची पहिली सर्व्ह चुकली की टाळ्या. फेडररला २३ ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हवर गेम जिंकायची संधी) मिळाले, त्याने घेतले फक्त ४. ते १९ ब्रेक पॉइंट या माणसाने त्या आवाजात वाचवलेत. लोक रॉजर रॉजर ओरडतात तेव्हा मी ते नोवाक नोवाक असं ऐकतो, असं तो २०१९ च्या विम्बल्डननंतर म्हणाला होता. एवढ्या मोठ्या खेळाडूवर अशी वेळ यावी?


लॉब_मास्टर:

भावा टायब्रेक, मनातलं लिहिलंस.


नेटकॉर्ड:

राग समजू शकतो पण सगळं पश्चिमेच्या डोक्यावर मारता येणार नाही. नदालसुद्धा सुरुवातीला इंग्लिश धड बोलत नव्हता, मायोर्काचा पोरगा, प्रत्येक सर्व्हच्या आधी तीच ती नाक कान चड्डी ओढण्याची सवय, बाटल्या एका रेषेत लावणं, मोठ्या ब्रँडला अवघड वाटावं असं सगळं होतं त्याच्यात. तरी जगाने डोक्यावर घेतला. कारण प्रत्येक पॉइंटला त्याचा जीव दिसायचा. खेळ बघून प्रेम बसतं यावर मी ठाम आहे.


बेसलाइन:

@नेटकॉर्ड, नदालला डोक्यावर घेतला कारण फेडररला कुणीतरी समोर हवा होता आणि ती जागा रिकामी होती, माझाच मुद्दा झाला.

@टायब्रेक४०, बेलग्रेडबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो, जबरदस्त मुद्दा आहे. पण मग २०२१ ची यूएस ओपन फायनल घ्या. शहर तेच, स्टेडियम तेच, लोकही तेच म्हणा ना. नोवाक त्या वर्षी पहिली तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकून आलेला, चौथं जिंकलं तर कॅलेंडर स्लॅम, समोर मेदवेदेव, आणि हा सरळ सेटमध्ये हरत होता. तिसऱ्या सेटमध्ये ४-५ वर खुर्चीत बसला आणि लोकांनी त्याच्या नावाने एवढा गजर केला की याने टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडायला सुरुवात केली, उठून खेळायला आला तरी डोळे वाहत होते. मॅचनंतर म्हणाला की न्यूयॉर्कमध्ये असं प्रेम कधी मिळालं नव्हतं. पासपोर्ट तोच होता ना? बदललं काय, तर पहिल्यांदाच तो कुणाच्या गोष्टीत आडवा येत नव्हता, स्वतःच्या गोष्टीत हरत होता. फेडररवर लोकांचं प्रेम दुप्पट कधी झालं, तर २००९ ला मेलबर्नमध्ये नदालकडून हरून माइकवर बोलता बोलता रडला तेव्हा. नोवाकला हरताना बघायची संधीच लोकांना फार कमी मिळाली.


सेकंडसर्व्ह:

हे बरोबर आहे, पण त्या रात्रीनंतर करार वाढले का? चार महिन्यांत मेलबर्नचं प्रकरण झालं. प्रेम आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धाग्यात दोन्ही एकत्र मिसळतायत. नीट बघायचं असेल तर एमा रडुकानू घ्या. २०२१ यूएस ओपन, वय १८, क्वालिफायर म्हणून, म्हणजे पात्रता फेरी खेळून आलेली, १० मॅच एकही सेट न गमावता जिंकली. काही महिन्यांत डिओर, टिफनी, ब्रिटिश एअरवेज, एव्हियन, पोर्श. जन्म कॅनडातला, वाढली लंडनमध्ये, आई चीनची, वडील रोमानियाचे, मँडरिन बोलते. एकाच करारात कंपनीला ब्रिटन आणि चीन दोन्ही मिळतात. दुसरीकडे इगा श्वियाँतेक, ६ ग्रँड स्लॅम, २०२२ मध्ये सलग ३७ मॅच जिंकल्या. तिची कमाई उत्तम आहे, ऑनचा करार आहे, पण एका स्पर्धेच्या जिवावर रडुकानूभोवती जी गर्दी झाली तशी इगाभोवती एवढं जिंकूनही झाली नाही. मार्केट पुढच्या वर्षांचे पैसे मोजतं, मागच्या ट्रॉफ्यांचे नाही.


क्रॉसकोर्ट_मीना:

आणि त्या गर्दीचं ओझं रडुकानूने किती वाहिलं तेही लिहा, हरली की लगेच जाहिरातींमुळे लक्ष उडालं म्हणायचे. पुरुषाला असं कुणी विचारत नाही. सिनर २०२३ ला विम्बल्डनच्या कोर्टवर गुच्चीची बॅग खांद्याला लावून आला, त्यासाठी खास परवानग्या घेतल्या होत्या, तेव्हा सगळे म्हणाले वा काय स्टाइल.

मला एक आशा जपानकडून खेळणाऱ्या नाओमी ओसाकाकडे बघून वाटते. २०२० यूएस ओपन, सात मॅचसाठी सात मास्क, प्रत्येकावर मारल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीय व्यक्तीचं नाव. सेकंडसर्व्ह म्हणतात तसं धोका बघत असते तर कंपन्यांनी पळून जायला हवं होतं. उलट त्याच वर्षी, मास्कच्या आधी, ३.७४ कोटी डॉलरवर ती सेरेनाला मागे टाकून महिला खेळाडूंत जगात पहिली आली होती आणि मास्कनंतर पुढच्या वर्षीही पहिलीच राहिली. २०२१ ला मानसिक त्रास होतो म्हणून फ्रेंच ओपन सोडून गेली तरी स्पॉन्सर उभे राहिले. म्हणजे टेबलावर बसलेली माणसं बदलता येतात. नवरातिलोवाच्या वेळी ती बदलली नव्हती एवढंच.


टायब्रेक४०:

ओसाकाच्या मागे टोकियो ऑलिंपिक आणि जपानच्या कंपन्या होत्या हे विसरू नका ताई, ज्योत पेटवायला तिलाच बोलावलं. हेच मास्क सर्बियाच्या किंवा बेलारूसच्या मुलीने घातले असते तर काय झालं असतं? सबालेंका ४ ग्रँड स्लॅम घेऊन बसलीये, नंबर वन, कोर्टवर हसते रडते नाचते, धाग्यात आत्तापर्यंत कुणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही.


बेसलाइन:

घेतलं नाही हे खरं. पण आता पुढचं बोलू. २०२५ ची फ्रेंच ओपन फायनल, अल्काराझ चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० वर, तीन चॅम्पियनशिप पॉइंट सिनरचे, तिथून परत येऊन एकूण ५ तास २९ मिनिटांची मॅच अल्काराझने जिंकली. त्या दिवशी परत तेच झालं, दोन नावांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. एक हसरा, ड्रॉप शॉट टाकून स्वतःच खूश होणारा, दुसरा शांत, लाल केसांचा, मशीनसारखा. नाइकीकडे दोघंही आहेत, रोलेक्सकडेही दोघं. आता जो तिसरा येईल, कितीही जिंको, त्याला नोवाकसारखंच बाहेर उभं राहावं लागणार असं माझं स्पष्ट मत आहे.


टायब्रेक४०:

तिसरा कुठला यावर आहे ते. बाल्कनमधला आला तर तुम्ही म्हणता तसंच होईल. पण तो अमेरिकेचा निघाला, शेल्टन म्हणा किंवा फ्रिट्झ, तर आतली खुर्ची झाडूनपुसून तयार ठेवलेली आहे. २००३ ला रॉडिकने यूएस ओपन जिंकलं, त्यानंतर अमेरिकेच्या एकाही पुरुषाने सिंगल्सचं ग्रँड स्लॅम जिंकलेलं नाही, तिथले चॅनेल आणि कंपन्या वाट बघून बघून थकल्यात. त्याने एक जिंकू दे, एकच, आणि मग सहा महिन्यांत त्याच्याकडे किती करार येतात ते बघा आणि हा धागा वर काढा.